पत्ता बदलणार नाही

नारायण पेठ, पुणे
१२ जून २००६

प्रति,
व्यवस्थापक, वेगवाहिनी इंटरनेट सेवा,
येरवडा, पुणे

महोदय,

आपल्या कंपनीने मुठानेट ही आमची जुनी इंटरनेट कंपनी विकत घेतल्याचे मला वर्तमानपत्रातून समजले. ग्राहकांना आधी कळवण्याची पद्धत आपल्याकडे नसावी. अभिनंदन करण्यासारखे काही दिसले नाही, म्हणून करत नाही.

काल आपले छापील पत्रक आले. त्यात म्हटले आहे की माझा मोडेम कालबाह्य झाला असून त्याच्या जागी आपण नवे यंत्र बसवून देणार, आणि त्याबरोबर मुठानेटचा माझा ई-मेल पत्ता ऑगस्टअखेर बंद होऊन मला वेगवाहिनीचा नवा पत्ता मिळणार. पत्रकावर एका कुटुंबाचे चित्र आहे. चौघेही एकाच संगणकाकडे बघून हसत आहेत. आमच्या घरी संगणकाकडे बघून आजवर कोणी हसलेले नाही.

मोडेम मी नव्व्याण्णव साली घेतला. जोडणी लागताना तो मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडतो, आणि जोडणी असेपर्यंत घरचा फोन बंद राहतो, हे खरे. पण लागतो. जी वस्तू चालते ती कालबाह्य कशी, हे कृपया समजावून सांगावे. या न्यायाने आपण उद्या मलाही बदलून द्याल.

नव्या यंत्राच्या वेगापुढे आपण "पर्यंत" असा शब्द छापला आहे. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मंडईत कोणी "एक किलोपर्यंत वांगी" अशी पाटी लावली असती, तर मी त्याचा काटा उचलून आणला असता. पर्यंत हे माप नव्हे. पर्यंतमध्ये शून्यही बसते.

तरीही माझे भांडण यंत्राशी नाही, पत्त्याशी आहे. मुठानेटच्या पत्त्यावर मला एक पत्र यायचे आहे. आमची जुनी इमारत गेल्या वर्षी पाडली, घर बदलले, फोनचा नंबर बदलला. पत्र लिहिणाऱ्याकडे माझा हा एवढाच पत्ता आहे. ते पत्र येईतो पत्ता बंद होता कामा नये. कधी येईल ते सांगता येत नाही. ते सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या अकलेवर अवलंबून आहे.

मुठानेटचे एका बाबतीत मात्र कौतुक केले पाहिजे. कर्जे घ्या, कार्डे घ्या, बंगले घ्या, अशा जाहिराती रोज यायच्या. गेल्या वर्षी मी त्यांना एक खरमरीत पत्र लिहिले. त्यानंतर एकही जाहिरात आलेली नाही. तक्रार नेमक्या शब्दांत केली की काम होते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

उत्तर लेखी आणि मराठीत द्यावे. फोनवर आपली माणसे हिंदीत माझी काय सेवा करू म्हणून विचारतात, आणि मी सांगू लागलो की सनई लावून निघून जातात.

आपला,
बाळ दामोदर भाटवडेकर

---

वेगवाहिनी इंटरनेट सेवा
येरवडा, २१ जून २००६

माननीय ग्राहक,

वेगवाहिनी परिवारात आपले हार्दिक स्वागत! आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. आपल्याला झालेल्या गैरसोयीची आम्ही पूर्ण जाणीव ठेवतो.

आपली विनंती (विषय: नवीन यंत्र लवकर बसवून मिळणेबाबत) नोंदवण्यात आली असून आमचे प्रतिनिधी श्री. दत्तप्रसाद येत्या दोन दिवसांत आपल्या घरी येतील. वेगाचा आनंद घ्या!

आपला दिवस शुभ असो.

अपेक्षा गावंडे
ग्राहक आनंद अधिकारी

---

नारायण पेठ
२७ जून २००६

कु. अपेक्षा गावंडे यांस,

आपले पत्र लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवत आहे. "नवीन यंत्र लवकर बसवून मिळणेबाबत" अशी विनंती मी केलेली नाही. ती कोणी केली हे शोधून त्याला यंत्र द्यावे.

श्री. दत्तप्रसाद येऊन गेले. मुलगा सालस आहे. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला पोहे दिले, त्याने ताटली स्वतः विसळून ठेवली. इथवर सगळे ठीक होते. मग त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मी मोडेमवर हात ठेवून उभा राहिलो. "काका, हे केळकर म्युझियमला द्या," असे तो म्हणाला. मी त्याला म्हणालो, तिथे माझ्या आधी याचा नंबर लावू नकोस. नवे यंत्र त्याने परत नेले. त्यावर हिरवे दिवे लुकलुकतात म्हणून सौभाग्यवतींना ते आवडले होते, ही गोष्ट आपण फायलीत घेऊ नये.

आपल्या पदाचे नाव वाचून चिंता वाटली. आनंदासाठी अधिकारी नेमावा लागतो, याचा अर्थ कंपनीत परिस्थिती बिकट असणार.

आता मुद्द्याचे. मला ज्यांचे पत्र यायचे आहे ते श्री. वैजनाथ देगलूरकर. आम्ही एकाच खात्यात होतो. ते निवृत्तीनंतर मुलाकडे कॅनडात गेले. आमचा पत्रव्यवहार तात्पुरता स्थगित आहे. याहून अधिक सांगण्याची गरज मला वाटत नाही. पत्ता चालू ठेवावा.

बाळ भाटवडेकर

ता. क. हे मी पाकीट चिकटवता चिकटवता लिहिते आहे, यांना ठाऊक नाही. अगं, "तात्पुरता" म्हणजे दुसरं वर्ष चालू आहे. हे रोज अंघोळ झाली की देवाच्या आधी त्या मोडेमपुढे बसतात. तो ओरडून गप्प होतो. मग हे म्हणतात, "अजून अक्कल आलेली दिसत नाही," आणि पूजेला जातात. तू काहीतरी बघ. — मंदाकिनी भाटवडेकर

---

येरवडा
५ जुलै २००६

आदरणीय काका आणि काकू,

पहिल्या पत्रासाठी सॉरी. ते कॉम्प्युटरमध्ये तयारच असतं, आम्ही फक्त नाव टाकतो, आणि तुमच्या वेळी मी नावही टाकायला विसरले. विषयसुद्धा तीन ठरलेल्यांपैकी एक निवडायचा असतो. "यंत्र नको आहे" असा विषय त्यात नाही. असं कुणी म्हणेल हे कंपनीला सुचलंच नव्हतं.

तुमचं लाल शाईचं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचलं. आमचे मॅनेजर मराठी नाहीत. कुठे हसायचं ते मी त्यांना हाताने खुणा करून सांगत होते. मराठी पत्रं आली की सगळी माझ्याच टेबलावर येतात, कारण बाकीचे इंदूर नाहीतर चेन्नईचे. मी वाशिम जिल्ह्यातली, कारंज्याची. पुण्यात आल्यापासून मला शुद्धलेखनाचे टोमणे फुकटात मिळतात, पण तुमचे पोस्टाने घरपोच आले.

आता खरं सांगते. मुठानेटचा पत्ता मी वाचवू शकत नाही. ज्या मशीनवर तो चालतो ते मशीनच ऑगस्टच्या शेवटी बंद होणार आहे. मी मॅनेजरना विचारलं, त्यांनी त्यांच्या मॅनेजरना विचारलं. सगळ्यांनी नाही सांगितलं, फक्त हळूहळू जास्त गोड आवाजात.

पण काका, यात अवघड काय आहे? आम्ही नवीन पत्ता देतो. तुम्ही देगलूरकर काकांना एक ओळ टाका, की बाबा रे, माझा पत्ता बदलला. दोन मिनिटांचं काम आहे. त्यांचा पत्ता तुमच्याकडे आहेच ना?

तुमची,
अपेक्षा

---

नारायण पेठ
१० जुलै २००६

कु. अपेक्षा यांस,

मी आपला काका नाही. माझ्या भावांना मुली नाहीत.

पत्ता माझ्याकडे आहे. आपण सुचवलेला उपाय मला सुचला नसेल असे आपल्याला वाटले, याचे वाईट वाटले. तो अशक्य आहे. कारण सांगतो, म्हणजे पुन्हा सुचवणार नाही.

वैजनाथ आणि मी एकत्र नोकरी केली. मंडई, भवानी पेठ, बोहरी आळी, हडपसर आणि मांजरीकडची गुऱ्हाळे, सगळे आम्ही सायकलवर पालथे घातले. पारड्याखाली चिंच चिकटवलेली कोणाच्याही आधी वैजनाथला दिसे. आतून पोखरलेले वजन मी हातात घेतले की ओळखत असे. आम्हाला बघून गल्लीच्या टोकापासून दुकानदार खोकायला लागत. तो त्यांचा इशारा होता. वैजनाथ त्यांना खोकल्याचे औषध विचारत असे. लोक आम्हाला शिव्या देत, चहा देत, क्वचित नोट पुढे करत. नोट आम्ही कधी घेतली नाही. चहा घेतला.

कॅनडात गेल्यावर वैजनाथ तिथली दुकाने बघून हरखला. तिथे म्हणे गिऱ्हाईक आपली भाजी आपणच वजन करते, आपणच चिठ्ठी चिकटवते, आणि कोणी लबाडी करत नाही. इथवर माझे काही म्हणणे नव्हते. मग त्याने लिहिले, "बाळ्या, आपण उभा जन्म लोकांची पारडी उलटी करून बघण्यात घालवला. नुसती उठाठेव केली रे. आपण नसतो तरी काही अडलं नसतं."

त्याने त्याच्या जन्माबद्दल काय वाटेल ते लिहावे. "आपण" म्हणून माझा जन्म त्यात का घातला? मी उत्तर पाठवले, "आधी शब्द मागे घे. तोवर मला लिहू नकोस." त्याने लिहिले नाही. तो माझे ऐकेल असे मला वाटले नव्हते. आजवर कधी ऐकले नव्हते.

आता मी आपण होऊन नवा पत्ता कळवला तर त्याचा अर्थ काय होतो? बाळ नमला. तो तिकडे सुनेला बोलावून दाखवील. ते होणे नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

मात्र पत्ता बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे पत्र निघाले, तर ते कुठे जाईल, हे मला सांगा. ते मला झोपू देत नाही.

बाळ भाटवडेकर

---

येरवडा
१९ जुलै २००६

आदरणीय भाटवडेकर सर,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. पत्र कुठेच जात नाही. लिहिणाऱ्याकडे परत येतं.

आता काका नसलेल्या काकांना एक गोष्ट सांगते. आमचं कारंज्याला किराणा दुकान आहे. मी लहान असताना तुमच्या खात्याचे एक साहेब आले आणि ऐन दिवाळीच्या बाजारात बाबांचा काटा उचलून घेऊन गेले. काटा खरंच खराब होता, बाबांना माहीत नव्हतं असं बाबा म्हणतात. दिवाळीभर दुकान बंद. आई अजून, रव्याचे लाडू वळायला बसली की, "मुडदा बशिवला त्या मापवाल्याचा," असं म्हणूनच पहिला लाडू वळते. आम्हा भावंडांना तो मंत्रच वाटायचा.

पण काटा शिक्का मारून परत आला ना, तेव्हा सगळं गाव आमच्याच दुकानात यायला लागलं. कारण बाकीच्यांचा काटा कसा आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि आमचा सरकारनं तपासलाय हे सगळ्यांना माहीत होतं. मी इंजिनियर झाले ती त्याच दुकानावर. तेव्हा देगलूरकर काकांना म्हणावं, उठाठेव म्हणू नका. अर्थात तुम्ही म्हणणार नाही. तुमचं तत्त्व आहे.

म्हणून मी एक शक्कल काढली आहे. तुम्ही लिहायचंच नाही. कंपनी लिहील. पत्ता बंद करताना ग्राहकाच्या ओळखीच्यांना कंपनीकडून नोटीस पाठवायची सोय आहे. कुणी वापरत नाही, पण आहे. नोटिशीवर सही माझी. तुम्ही नमलात असा अर्थ कुणाच्या बापाला काढता येणार नाही. मजकूर तुम्ही सुचवलात तरी चालेल.

अपेक्षा

---

नारायण पेठ
२४ जुलै २००६

चि. अपेक्षा हिस आशीर्वाद,

काटा जप्त झाला म्हणजे त्यात दोष असणारच. निरीक्षकाने योग्य तेच केले. तुझ्या मातोश्रींना माझा नमस्कार सांग आणि खात्याच्या वतीने शिवी पोहोचल्याचे कळव.

तुझी शक्कल मी तपासून पाहिली. कंपनीला कोणाला काय कळवायचे असेल ते कंपनीने कळवावे, त्यात मी पडू शकत नाही. माझा नाइलाज आहे. मजकूर फक्त भाषेच्या दृष्टीने करून देत आहे, कारण तुमच्यावर सोडले तर तुम्ही त्याला वेगाचा आनंद घ्यायला सांगाल.

"श्री. वैजनाथ देगलूरकर यांस,

आमचे ग्राहक श्री. बाळ भाटवडेकर यांचा ई-मेल पत्ता कंपनीच्या अंतर्गत कारणांमुळे बदलत आहे. यात ग्राहकाचा कोणताही पुढाकार नाही. नवा पत्ता खाली दिला आहे. त्या पत्त्यावर लिहावे किंवा कसे, हा सर्वस्वी आपला प्रश्न आहे.

ग्राहकाची प्रकृती उत्तम आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला असून त्यांना आता बारीक अक्षरही वाचता येते. सौ. भाटवडेकर यांचे गुडघे दुखतात. ग्राहकाने घर बदलले असून नव्या घराच्या गच्चीवरून पर्वती दिसते. आपण गेल्यापासून मंडईत इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. त्यातही लबाडी करता येते, असे ग्राहकाने शोधून काढले आहे. आपल्याला त्यात रस असल्यास आपण विचारू शकता. सक्ती नाही."

यात अनावश्यक काही नाही. काटछाट करू नये. वैजनाथचा पत्ता मागील बाजूस केवळ नोंदीसाठी लिहिला आहे.

बाळ भाटवडेकर

---

येरवडा
१८ ऑगस्ट २००६

काका,

आज काका म्हणतेच आहे, कारण पुढचं वाचून तुम्ही रागावणारच आहात.

नोटीस गेली. पर्वती आणि गुडघे "इतर माहिती" या मथळ्याखाली घातले, एक शब्द कापला नाही. मॅनेजरनी सही करताना विचारलं की पर्वती म्हणजे काय. मी म्हटलं, टेक्निकल टर्म आहे.

उत्तर आलं आहे. तुम्हाला नाही, कंपनीला. जसंच्या तसं उतरवून देते:

"महोदया,

आपली नोटीस मिळाली. सदर ग्राहकास मी गेल्या वर्षी तीन वेळा पत्र पाठवले. तिन्ही पत्रे 'घेणाऱ्याने नाकारले' अशा शेऱ्यासह परत आली. पहिल्या वेळी मला वाटले, रागात असेल. दुसऱ्या वेळी वाटले, अजून रागात असेल. तिसऱ्यानंतर मी समजलो. ज्यास माझे पत्र घ्यायचे नाही त्याच्या नव्या पत्त्याचे मी काय करू? तो गच्चीवरून काय बघतो याच्याशी माझा संबंध नाही. त्याचा मोतीबिंदू कोणत्या डॉक्टरांनी काढला ते मात्र कळवावे. माझाही काढायचा आहे.

वैजनाथ देगलूरकर"

हे वाचून मला काही कळेना. तुम्ही रोज सकाळी वाट बघता हे काकूंनी लिहिलं होतं. मग नाकारलं कुणी? मी मुठानेटच्या मशीनवर तुमची ई-मेलची पेटी उघडून पाहिली. आतली पत्रं वाचली नाहीत, नुसती यादी दिसते तेवढीच. काका, तुमची पेटी भरली आहे. तळापासून झाकणापर्यंत. गृहकर्ज, कारकर्ज, क्रेडिट कार्ड, लॉटरी, बाणेरचे फ्लॅट, टक्कल घालवण्याचं तेल. तुम्ही एकही जाहिरात कधी पुसलेली नाही. मुठानेट फार थोडी जागा द्यायचं. ती गेल्या वर्षी संपली, आणि त्यानंतर आलेलं प्रत्येक पत्र मशीनने दारातूनच परत पाठवलं.

"घेणाऱ्याने नाकारले" हा शेरा मशीनचा आहे. पेटी भरली असली, पत्ता चुकला असला, काहीही झालं तरी ते मशीन एकच वाक्य लिहितं. इतकं निर्बुद्ध मशीन मी पाहिलं नाही, आणि ते आमच्या कंपनीचं आहे याची मला लाज वाटते.

तुमच्या खरमरीत पत्रामुळे जाहिराती थांबल्या नव्हत्या. त्यांनाही आत जागा नव्हती.

अपेक्षा

---

नारायण पेठ
२३ ऑगस्ट २००६

चि. अपेक्षा,

हे पत्र मी लिहिते आहे, कारण हे लिहायच्या अवस्थेत नाहीत. घाबरू नकोस, प्रकृती ठणठणीत आहे. फक्त बोलत नाहीत, आणि आमच्या घरात ही गोष्ट नवीन असल्यामुळे शेजारीण चौकशी करून गेली.

तुझं पत्र यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी विचारलं, "अहो, त्या तेलाच्या जाहिराती कशाला ठेवल्यात? तुम्हाला टक्कल पडून वीस वर्षं झाली." तर म्हणाले, "आलेला कागद वरिष्ठांच्या परवानगीशिवाय नष्ट करायचा नसतो." मी म्हटलं, "आता वरिष्ठ कोण?" मग मी माझ्या अधिकारात परवानगी दिली.

दुपारी एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "म्हणजे आधी त्यानं लिहिलं. तीनदा. मंदाकिनी, मी जिंकलो." मी वरणाला फोडणी देत होते. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्यानं लिहिलं आणि त्याला वाटलं, मी दार लावून घेतलं. तीनदा वाटलं." त्यांचा आवाज फुटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांच्या वडिलांच्या वेळीसुद्धा असा फुटलेला मी ऐकला नव्हता. मी गॅस बंद केला.

आता नवीनच घोर लागलाय. त्या तीन पत्रांत काय होतं? शब्द मागे घेतले होते, की उलट चार शब्द वाढवले होते? वैजनाथ भावजींचा स्वभाव बघता काहीही असेल. आणि ते आता आपण होऊन पुन्हा लिहिणार नाहीत. तेही याच खात्यातले. यांना आधी माहीत करून घ्यायचंय आणि मग लिहायचं की नाही ते ठरवायचंय. मी म्हटलं, "अहो, वजन बघितल्याशिवाय काही घ्यायचंच नाही का जन्मात?" रागावून गच्चीत गेले. अर्धवट भिजून परत आले आणि मोडेमची वायर स्वतःच्या हाताने काढली.

दत्तप्रसादला यंत्र घेऊन पाठव. लवकर पाठव, यांचा विचार बदलायच्या आत. कोणत्याही वेळी येऊ दे, मी दार उघडते. पोहे करून ठेवीन.

आणि भावजींची जुनी पत्रं त्या पेटीत आहेत ती मशीन बंद होण्याआधी नव्या पत्त्यावर आण. बाकी सगळं फेकून दे.

तुझी,
मंदाकिनी काकू

---

[वेगवाहिनीच्या नव्या पत्त्यावरून, ई-मेल]
२६ ऑगस्ट २००६

वैजनाथ,

मी बाळ. हे कंपनीने लिहिलेले नाही, मी स्वतः लिहितो आहे. सुनेला बोलावून दाखवायचे असेल तर दाखव.

तुझी तीन पत्रे मी नाकारली नाहीत. ती माझ्यापर्यंत आलीच नाहीत. माझी पेटी कर्जाच्या आणि टकलावरच्या तेलाच्या जाहिरातींनी भरून गेली होती आणि यंत्र तुझे पत्र दारातूनच परत पाठवत होते. तू हसशील. हस. त्या पेटीची राखण मी दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. नवे यंत्र घेऊन आलेल्या पोरालाही हाकलून दिले, का, तर तुझे पत्र चुकू नये म्हणून. तू लिहीत होतास आणि मी रोज सकाळी त्या बंद दाराच्या आत बसून तुला मूर्ख म्हणत होतो.

त्या पत्रांत काय होते ते मला माहीत नाही. मंदाकिनी म्हणते विचारू नकोस, आधी लिही. म्हणून न विचारता लिहितो आहे. तू शब्द मागे घेतला असशील तर ठीक. घेतला नसशील तरी ती तिन्ही पत्रे आहेत तशी पुन्हा पाठव. शिव्या असल्या तर गाळू नकोस.

उठाठेव नव्हती, असे माझे अजूनही म्हणणे आहे. त्यावर मी तुझ्याशी सविस्तर भांडणार आहे. इथे माझ्याशी भांडायला कोणी नाही. मंदाकिनीशी भांडून पाहिले, ती मधेच कुकर लावायला उठते. गेल्या महिनाभरात आपल्या खात्यातला एकच माणूस भेटला, तो मला नमस्कार करून पुढे गेला. आपण आयुष्यभर काय केले हे ज्याला डोळ्यांनी दिसले असा आता तूच उरला आहेस, आणि तूच म्हणतोस काही केले नाही. मला राग येतो, तो सांगायलासुद्धा मला तूच लागतोस. फार आठवण येते रे.

मोतीबिंदू तिथे काढू नकोस. दिवाळीनंतर इकडे ये, माझ्या डॉक्टरांकडे जाऊ. पट्टी असेपर्यंत मी तुला वाचून दाखवीन.

बाळ